मागच्या सीटवरचं वजन
कांद्याची पोती वाहायला म्हणून मी जुन्या कारला मागं जड स्प्रिंगा बसवल्या होत्या. आता त्याच कारच्या मागच्या सीटवर आडवी होऊन बायको अंबडहून जालन्याच्या दवाखान्यात जायची. कॅन्सर हाडात उतरला होता आणि प्रत्येक खड्ड्याला ती कळवळायची. म्हणून मी कंपनीच्या मूळच्या मऊ स्प्रिंगा शोधायला जालन्याचा भंगारबाजार पालथा घातला. “काका, इथं जुनं लोखंड टिकतंय व्हय? समदं भट्टीत जातं. तुमच्या स्प्रिंगा कुणाच्या तरी स्लॅबात सळई होऊन बसल्या असतील,” दुकानदार हसत म्हणाला. तरी त्यानंच ढिगातून नेमकी जोडी काढून दिली. ती गॅरेजच्या मिस्त्रीकडून बसवली, पण धक्के कमी झाले नाहीत. मिस्त्रीनं सीटवर पडलेल्या बायकोकडं पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. “स्प्रिंग बिलकुल बराबर हाय. पण ती दबायला वजन लागतं. मावशीच्या अंगात आता वजनच राह्यलं न्हाई. डिकीत वाळूचं पोतं टाका.” टाकलं. गाडी मऊ चालली. बायको म्हणाली, “एवढं सुख लग्नाच्या वरातीत बी दिलं न्हाई तुम्ही.” ती आणखी वाळत गेली, तसं मी दुसरं पोतं टाकलं. मागच्या आठवड्यात ती गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि अस्थींचं गाठोडं मागच्या सीटवर ठेवलं. ते फार हलकं होतं. गोदावरीकडं निघण्याआधी मी डिकीत वाळूचं आणखी एक पोतं टाकलं.