पहिली टाळी

नाशिक रोडला कुमुदताईंच्या शोकसभेत प्रमुख पाहुणे काही केल्या बोलायचे थांबेनात, आणि ताईंच्या मदतसंस्थेत इतकी वर्षं राबलेल्या स्नेहलला भलतंच हसू फुटायला लागलं. कुणाचंही भाषण लांबून काम खोळंबलं की ताई हळूच खुणावायच्या. मग संस्थेची माणसं अशा टाळ्या पिटायची, की बोलणाऱ्याला वाटावं, आपलं झालंच. बिचारा हात जोडून खाली बसायचा. आत्ताही बाहेर सुरगाण्याच्या वादळात छपरं उडालेल्यांसाठी ताडपत्र्यांचा टेम्पो अर्धवट भरून उभा होता.

"मॅडम, माझ्याकडं नका बघू, मला हसू आवरायचं नाय," शेजारी बसलेला ड्रायव्हर हिरामण रुमालातून पुटपुटला. स्नेहलनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

तेवढ्यात पुढून टाळी वाजली. शोकसभेत! सगळे गार. मग दुसरी वाजली, आणि सवयीनं संस्थेचे सगळे हात सुटले. सभागृह दणाणलं. पाहुणे भारावले, हात जोडून खाली बसले.

पहिल्या रांगेतून ताईंचे मिस्टर उठले, लालभडक झालेल्या तळव्यांनी डोळे पुसत.

"चला, टेम्पो भरा. तिनं तर एवढंही ऐकून घेतलं नसतं."