आवराआवर

दार ताईनेच उघडलं, आणि अगदी सताड उघडलं. इतकी वर्षं ते अर्ध्यावरच अडायचं. मागे रद्दीचे गठ्ठे, मोडक्या खुर्च्या, पडद्यांच्या कापडाचे तागे. आत शिरायचं तर अंग चोरून. आज धाकटी पिशवीसकट सरळ आत आली आणि दचकून उभीच राहिली. बहिणीच्या घरातली फरशी हिरवट आहे हे तिला आज कळत होतं.

"अगं बाई! केलंस की गं सगळं!"

"तुझंच ऐकलं," ताई हसली.

धाकटी शाळेच्या ग्रंथालयात कामाला. वस्तू जागेवर नसली की तिच्या जिवाला चैन पडायची नाही. आणि ताईचे यजमान गेल्यापासून या घरात वस्तू यायच्या, जायच्या मात्र नाहीत. ताई पडदे शिवून पोट भरायची, चिंधीसुद्धा टाकायची नाही. धाकटी आली की कपाळाला हात लावायची. या पसाऱ्यात शहाणं माणूस वेडं होईल, घर आवर, डोकं आपोआप हलकं होईल, हे तिचं पालुपद. ताई मान डोलवायची आणि रिकामी बाटली धुऊन परत फळीवर ठेवायची. गेल्या महिन्यात तर शब्दाला शब्द वाढला. आवरल्याशिवाय मी या घरात पाऊल टाकणार नाही, असं बजावून धाकटी तणतणत निघून गेली होती, आणि आज न राहवूनच आली होती. आता बघा, औषध लागू पडलं! तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

ते कौतुक स्वयंपाकघरापर्यंत टिकलं. ओट्यावर एक पातेलं होतं आणि एक कप.

"बाकीची भांडी गं?"

"शेजारणीला दिली."

"आणि मशीन? मशीन दिसत नाही ते."

"खालच्या शिंपिणीला दिलं. तिचं जुनं झालं होतं."

"अगं, मग तू पडदे कशावर शिवणार?"

"बघू," ताई म्हणाली. आवाज कसा हलका, मोकळा. केस नीट विंचरलेले. इतकी शांत ताई धाकटीने कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. मांजरही कुठे दिसेना. ते वरच्या काकूंकडे दिलं, तिथे रमेल, असं ताईने सांगितलं. कपाट उघडलं तर थंडीचे कपडे नाहीत, धाकटीने दिलेला नवा स्वेटरही नाही. थंडी तर तोंडावर आलेली.

"कशाला हवेत?" ताई म्हणाली, आणि आईच्या बांगड्यांची पुरचुंडी तिच्या हातात ठेवली. "या तुझ्याकडेच असू देत."

आवरणारं माणूस नको ते टाकतं. ताईने हवं तेही टाकलं होतं. पुढच्या आठवड्यात लागेल असं या घरात काहीच उरलं नव्हतं.

छान आवरलंस हो, म्हणावं आणि जिना उतरावा, असं तिला वाटलं. खरंच वाटलं. विचारलं आणि भलतंच मनात भरवून दिलं तर? आणि नाही विचारलं, घरी गेले, आणि सकाळी फोन वाजला तर? तिने पुरचुंडी ओट्यावर ठेवली आणि ताईचा हात घट्ट धरला.

"ताई, खरं सांग. तू जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचं ठरवलंयस का?"

ताईचं हसू उतरलं. तिने हात सोडवून घेतला नाही. भिंतीला पाठ घासत ती हळूहळू खाली बसली. धाकटीही तिच्यासोबत खाली टेकली. हात तिने सोडला नाही.

मग ताईचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि ती लहान मुलासारखी हुंदके देऊन रडायला लागली.

"सांगते," ती म्हणाली. "सगळं सांगते. इतकी वर्षं आलीस ती घराचंच विचारत. माझं आज विचारलंस."