डॅडींच्या नावाखाली

“मग, ऑब्री यंदा कुणाच्या नावावर घालायची?” व्हर्नाबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

प्रश्नात वावगं काही नव्हतं. फेब्रुवारी लागला की अमेरिकेतल्या त्या डोंगरातल्या गावांत माणसं तब्येतीची चौकशी नंतर करतात; आधी विचारतात, कराच्या कागदावर मुलं कोणी दाखवली. चर्चच्या तळघरात व्हर्नाबाई आणि आणखी काहीजण दर शनिवारी लोकांचे कराचे कागद फुकट भरून देत. टेबलांमध्ये पडदा नव्हता. कॉफीच्या थर्मासपाशी नंबर लावून बसलेल्यांना सगळं ऐकू जायचं.

“माझ्या,” केंड्रा म्हणाली. “माझी मुलगी आहे.”

“नाही कोण म्हणतंय? पण तुझी वर्षाची कमाई म्हणजे लाँड्रीतले ते दोन महिने. तेवढ्यावर मुलीसाठी सरकार तुला फारसं काही देत नाही. तुझ्या वडिलांनी दाखवली तर देईल. फक्त मग तूही त्यांच्याच नावाखाली जाशील. घर तेच चालवतात ना.”

“जाशील म्हणजे?”

“म्हणजे त्यांच्यावर अवलंबून. तुम्ही दोघी.”

थर्मासपाशी कोणीतरी हसलं. कदाचित दुसऱ्याच कशाला असेल.

“मी चौतीस वर्षांची आहे.”

“ठाऊक आहे,” शेजारी बसलेले तिचे वडील ऑर्व्हिल म्हणाले. “मी होतो ना तिथे.”

या वेळी मात्र लोक खरंच हसले. व्हर्नाबाईही हसल्या. केंड्राचा चेहरा लाल झाला.

“मी कुणाच्या जिवावर जगत नाही, डॅडी.”

ती हळू बोलली होती, तरी हसणं थांबलं. ऑर्व्हिलनी टोपी काढली, तिची कड बोटांनी नीट केली आणि पुन्हा घातली. मग ते व्हर्नाबाईंकडे वळले.

“ती म्हणते ते खरं आहे. घर तीच चालवते. स्वयंपाक, धुणं, बिलं, सगळं. मी आपला नुसता राहतो.”

“ऑर्व्हिल, इथे खाली शपथेवर सही करायची असते. बिलं कोण भरतं ते मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे आणि वीज कंपनीलाही ठाऊक आहे.”

“मग आज राहू दे. पुढच्या शनिवारी बघू.”

घरी जाताना पिकअप ट्रकमध्ये ऑब्री दोघांच्या मध्ये बसली होती. चर्चमधला डोनट तिने रुमालात गुंडाळून आणला होता. त्याचा अर्धा तुकडा तिने आजोबांच्या तोंडाशी धरला. “पॅपॉ, आ करा.” त्यांनी रस्त्यावरची नजर न हलवता आ केला. साखर दाढीवर सांडली.

“तुझी आई होती तोवर त्या कागदावर दोन नावं असायची,” वळण घेता घेता ते केंड्राला म्हणाले. “मग माझं एकट्याचंच राहिलं. मला वाटलं, यंदा तीन दिसतील. बाकी काही नाही.”

केंड्रा खिडकीतून बाहेर बघत राहिली. डोंगराच्या सावलीत कडेला जुना बर्फ साचला होता. काहीतरी बोलायला हवं, हे तिला कळत होतं. घर आलं.

दुपारी ऑर्व्हिलनी घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव खाल्ला. टीव्हीवरच्या बास्केटबॉलच्या पंचाला आंधळा म्हणाले आणि खुर्चीतच झोपले. त्या दिवशी आणखी काही घडलं नाही.

रविवारी सकाळी चर्चला जायचं म्हणून ते ट्रक गरम करायला बाहेर गेले. इंजिन सुरू झालं आणि बराच वेळ सुरूच राहिलं. ऑब्रीची वेणी घालता घालता केंड्राने दार थोडं उघडलं आणि हाक मारली, “डॅडी, पेट्रोल काय फुकट येतं?”

उत्तर आलं नाही. ट्रकच्या काचा धुक्याने पांढऱ्या झाल्या होत्या. तिने वेणी पुरी केली, रबर लावला आणि मगच ती बाहेर गेली.

गेलेल्या माणसाचाही कराचा कागद भरावा लागतो. एप्रिलमध्ये केंड्रा ऑब्रीला घेऊन तळघरात आली तेव्हा गर्दी बरीच होती. थर्मासपाशी बसलेल्यांनी तिला पुढे जाऊ दिलं. कोणीतरी तिच्या खांद्याला हात लावला. ऑब्रीला डोनट मिळाला.

व्हर्नाबाईंनी ऑर्व्हिलच्या नावापुढे ते वारल्याची नोंद केली आणि तारीख टाकली.

“मला विचारावं लागतं, बाळ. गेल्या वर्षीचं.” त्या पुढे झुकल्या. “घर कुणी चालवलं? हळू सांगितलंस तरी चालेल. मला ऐकू येतं.”

मागच्या बाकांवर बोलणं चालू होतं: कोणाचे टायर, कोणाच्या दाराला नवी काच. केंड्राने खुर्ची थोडी फिरवली. आता तिचा चेहरा बाकांवरच्या लोकांना दिसत होता. बोलणं एकेक करून थांबलं.

“डॅडींनी,” ती म्हणाली. आवाज तिने मुळीच उतरवला नाही. “भाडं, अन्न, लाकूडफाटा, हिच्या पायातले बूट, सगळं त्यांनी. मी त्यांच्याच जिवावर जगत होते. आम्हा दोघींना त्यांच्या नावाखाली घाला.”