उरलेली कामं

ऑफिसातून आल्या आल्या तिने नवऱ्याला हॅस्केल या प्रोग्रामिंगच्या भाषेचा पहिला धडा दिला, स्वतःचा 'डेटा टाइप', म्हणजे नावांचा गट, कसा बनवायचा त्याचा. "त्यात येऊ शकतील ती सगळी नावं लिही. मग प्रत्येकाचं काय करायचं ते सांग. एक जरी सुटलं, तरी कोड तपासणारा कंपायलर बोंब मारतो."

ती भांडी घासून आली तोवर त्याने 'घरकाम' नावाचा टाइप बनवला होता. धुणं, स्वयंपाक, बाबांची औषधं, मुलीचा अभ्यास, काही म्हणून सोडलं नव्हतं. खाली कोण काय करतं तेही लिहिलं होतं, पण दोनच ओळींत. बल्ब बदलणं म्हणजे मी. आणि 'बाकी काहीही असो' म्हणायला जी आडवी रेघ देतात, तिच्यापुढे बायको.

"बघ, कंपायलरने हूं की चूं केलं नाही!" तो खुशीत म्हणाला.

तिने हात पुसले आणि ती रेघेची ओळ खोडली. कंपायलर लगेच सुटलेल्या कामांची नावं घेऊन ओरडू लागला.

"अगं, हा चारच नावं घेऊन थांबला. पुढे नुसती टिंबं. असं का?"

ती खुर्चीत टेकली.

"दमला असेल."