डावा बूट

दवाखान्यातून फोन आला तो मंगळवारी, ऐन तालमीत. घड्याळजी ड्रमवर होता. "तालीम बुडवू नकोस, मी इथेच आहे," असं म्हणून तिथे भरती असलेल्या बायकोनेच त्याला पिटाळलं होतं. तालीम बेकरीच्या मागच्या खोलीत चालायची, त्यामुळे फोन बेकरीवाल्याने घेतला. त्याने ट्रंपेट पिठाच्या पोत्यावर ठेवलं आणि घड्याळजीच्या हातातल्या काड्या काढून घेतल्या. तेव्हाच घड्याळजीला कळलं.

त्याला चार महिने झाले. ड्रमच्या डाव्या हाताला बायकोची खुर्ची होती. तिथे बसून ती अकॉर्डियन वाजवायची. आज त्या खुर्चीवर एक नवीन बाई येऊन बसली. बसवर कंडक्टर होती, मांडीवर मँडोलिन. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि दुसरी खुर्ची रिकामी नव्हती.

या बँडचा एक रिवाज होता. नवीन माणूस आला की प्रत्येकाने आपलं वाद्य त्याच्या हातात द्यायचं, ते कुठून आलं ते सांगायचं आणि त्याच्यापायी झालेली सगळ्यात मोठी फजितीही सांगायची.

"भंगारवाल्याकडचं आहे," बेकरीवाला ट्रंपेट पुढे करत म्हणाला. "पुलाच्या उद्घाटनाला आम्हाला बोलावलं होतं. मी जीव खाऊन फुंकलं, तर आतून पाव किलो पीठ उडालं. थेट प्रमुख पाहुण्यांच्या काळ्या कोटावर."

"चिमूटभर होतं," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"गोष्ट माझी आहे, वजन मी करणार."

डॉक्टरीणबाईंचं व्हायोलिन सासूबाईंचं होतं. "एकदा दवाखान्यात पेशंट नव्हते म्हणून वाजवत बसले. बाहेर एकजण आला होता, मला कळलंच नाही. थोड्या वेळाने दार उघडून म्हणतो, बाई, हे थांबवा, हवं तर दोन दात काढा."

कंडक्टरबाई पोट धरून हसली. मग घड्याळजीने ड्रम तिच्या मांडीवर ठेवला. "मामाचा आहे," तो म्हणाला. "फजिती... आठवत नाही."

"काय आठवत नाही! घड्याळं दुरुस्त करतो आणि पूर्वी ठेका पळवायचा, हीच याची फजिती," बेकरीवाला म्हणणार होता. चार महिन्यांपूर्वी नक्की म्हणाला असता. आज तो नुसतं म्हणाला, "चला, वाजवू या."

सुरुवात बरी झाली. आठ-दहा ओळी गेल्या आणि घड्याळजीचा हात सुटला. ट्रंपेट त्याच्या मागे धावलं, व्हायोलिन ट्रंपेटच्या मागे. बेकरीवाल्याचा चेहरा भट्टीसारखा लाल झाला, पण तो थांबला नाही. गेले चार महिने हे असंच चाललं होतं.

"थांबा!" कंडक्टरबाई ओरडली. भरलेली बस थांबवणारा आवाज. सगळे थांबले. "माफ करा काका, पण तुमचा ड्रम पळतोय. मला पुढच्या स्टॉपवर उतरल्यासारखं वाटायला लागलं."

डॉक्टरीणबाईंनी व्हायोलिन खाली घेतलं.

"पळू दे त्याला," बेकरीवाला दम खात म्हणाला. "आम्ही पळतो ना बरोबर."

घड्याळजीने काड्या खाली ठेवल्या. "म्हणजे तुम्हाला कळत होतं."

"बहिऱ्यालाही कळेल."

"मग बोलला का नाहीस? एरवी तुझं तोंड बंद नसतं."

बेकरीवाल्याने ट्रंपेटचं तोंड उगाच पुसलं. "मधली एवढी वर्षं बरा वाजवत होतास. आम्हाला वाटलं, सुधारलास. आता वहिनी गेल्या म्हणून... येईल आपोआप जागेवर."

"सुधारलो कुठला," घड्याळजी म्हणाला. "मी पळायला लागलो की ही माझ्या पायावर पाय द्यायची. अकॉर्डियनच्या आड तुम्हाला दिसायचं नाही. जरा पळालो तर जरासा. जास्त पळालो तर चांगला टाचेने." तो कंडक्टरबाईकडे वळला. "ही माझी फजिती. एकोणीस वर्षं लपवली."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. कंडक्टरबाईला आता खुर्चीचं कळलं. ती उठायला लागली.

"बस तू," घड्याळजी म्हणाला. "तू बोललीस ते बरं केलंस."

बेकरीवाल्याने आपली खुर्ची फरफटत आणून ड्रमला खेटून लावली आणि पिठाने माखलेला भलामोठा बूट पुढे केला. "माझा पाय वहिनींच्या तिप्पट आहे. बोंबलायचं नाही. कुठे देऊ? हा?"

त्याने घड्याळजीच्या डाव्या पायावर नेम धरला होता. त्या पायातला बूट पुढून पांढुरका झाला होता, चामड्याचा रंग गेलेला. उजवा मात्र चकचकीत होता.

घड्याळजीने डावा पाय झटकन मागे घेतला. खुर्चीखाली, आत. मग उजवा पुढे केला. "तो नाही. हा घे."

बेकरीवाल्याने एकदा बुटांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. पाय उजव्यावर ठेवला.

ते पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागले. आठ-दहा ओळींनंतर घड्याळजी "आई गं!" म्हणून ओरडला आणि बँड लयीत पुढे गेला.

घरी आल्यावर त्याने उजव्या बुटावरचं पीठ झटकलं, पॉलिशची डबी उघडली, ब्रश फिरवला, फडक्याने घासून पहिल्यासारखा चमकवला. डबीचं झाकण लावलं.

डाव्या बुटाला पॉलिश करायचं राहिलं आहे.