दोन फेरे

सायकल सुरळीत चालली आणि जावई हबकला.

त्याने गिअर वर नेला. साखळी वर सरकली. खाली आणला. आली. खरखर नाही, खटका नाही. इमारतीला चक्कर मारताना त्याने ती मुद्दाम खड्ड्यातून घातली, चिडून दोन गिअर एकदम ओढले. सायकल नव्या कारकुनासारखी सांगेल ते ऐकत होती. जिन्यापाशी सासरे पाना घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, म्हणजे बघवत नव्हता.

सायकल हायब्रिड होती आणि वापरलेली होती. विकणारा ‘थोडीशी वापरलेली’ म्हणाला होता. थोडीशीच शिल्लक आहे, असं बहुधा त्याला म्हणायचं असावं. डॉक्टरांनी जावयाच्या पोटाकडे पाहून व्यायाम लिहून दिला होता, आणि बायकोने सायकलीकडे पाहून बजेट.

“दुरुस्ती सायकलीपेक्षा महाग पडली,” ती म्हणाली होती, “तर तुला आणि तिला एकाच भंगारवाल्याला देईन.”

मग तिनेच वडिलांना बोलावून घेतलं. सासूबाई गेल्यापासून तिकडच्या घरात बोलणारा असा फ्रीजच उरला होता, तोही घुरघुरणारा. पण म्हातारा मानी. काम नसताना लेकीकडे राहणं म्हणजे फुकटचं खाणं, हे त्यांचं ठाम मत. सायकलीचं निमित्त पुढे केलं, तेव्हा कुठे बॅग उचलून आले. दारातच अट घातली, “सायकल झाली की मी निघणार.” बॅग भरलेलीच पलंगाखाली गेली.

“हायब्रिड म्हणजे काय हो?” पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं.

“थोडी रस्त्याची, थोडी डोंगराची.”

“म्हणजे धड इकडची नाही, धड तिकडची नाही. जावयासारखीच.”

त्यानंतर रविवारमागून रविवार दोघं जिन्याखाली उकिडवे बसले. शेजाऱ्यांची एक व्यायामाची सायकल टॉवेल वाळत घालण्यापुरती उरली होती, तिची सीट आली. मडगार्ड तेलाच्या प्लॅस्टिकच्या डब्यातून कापून निघालं. मुठींवर जुनी ट्यूब चढली. गंजलेली साखळी रॉकेलमध्ये भिजून माणसात आली. आणि डोक्यावर अखंड अभिषेक सुरू होता: “जावईबापू, पाना उलटा धरलात.” “जावईबापू, नट आवळायचाय, त्याचं मन वळवायचं नाहीये.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या दोघांचं संभाषण ‘बरं आहे ना?’ आणि ‘बरं आहे’ यापुढे कधी सरकलं नव्हतं. ऑफिसात तर इतकं मन लावून जावयाला कोणी झापलंच नव्हतं. आता रविवारी संध्याकाळी त्याचे हात काळे आणि कान लाल झालेले असायचे, आणि सोमवारपासून तो पुढच्या रविवारची वाट पाहू लागायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. चांगला बाप्या माणूस सासऱ्याची वाट पाहतो, म्हणजे काय!

शेवटी फक्त गिअर उरला. मागच्या गिअरच्या केबलला एक चिमुकली घुंडी असते. ती जागेवर असली की साखळी शहाण्यासारखी वागते. फेराभर इकडेतिकडे झाली की दात चुकवून खडखडाट करते. सासऱ्यांनी ती कान लावून, जीभ दातांत धरून जुळवली आणि जाहीर केलं, “आठवडाभर असू दे. पुढच्या रविवारी अशीच चालली, की माझं तिकीट काढा.”

त्या शनिवारी जावयाने आयुष्यातली पहिली घातपाती कारवाई केली. सासरे फिरायला गेल्यावर तो चोरपावलांनी खाली आला आणि घुंडी डावीकडे दोन फेरे फिरवून ठेवली. रविवारी साखळीने असा काही आकांत केला की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. सासऱ्यांनी त्याला यथेच्छ झापलं, घुंडी पुन्हा जुळवली, शीळ घालत आंघोळीला गेले आणि जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तिकीट आठवडाभर पुढे गेलं.

काल पुन्हा शनिवार. पुन्हा चोरपावलं, पुन्हा घुंडी, पुन्हा डावीकडे दोन फेरे. आणि तरी आज ही बया लोण्यासारखी चालत होती.

तो जिन्यापाशी येऊन उतरला.

“चालली,” तो म्हणाला. कोणीतरी गेल्याची बातमी द्यावी, तसा.

“चालली?” सासरे खेकसले. “चालेलच कशी?” ते गुडघे कुरकुरवत खाली बसले आणि मागच्या चाकाशी नाक नेलं. “काल दुपारी तुम्ही घोरत होतात, तेव्हा मी स्वतः ही घुंडी उजवीकडे दोन फेरे...”

ते थांबले. हातातला पाना पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे निरखू लागले.

जावई त्यांच्या शेजारी उकिडवा बसला. “मी संध्याकाळी. डावीकडे.”

“किती?”

“दोनच.”

दोघंही घुंडीकडे पाहत राहिले. तिचं बिचारीचं काही चुकलं नव्हतं.

“बाबा!” वरून गॅलरीतून लेकीची हाक आली. “झाली का सायकल? तिकीट काढू?”

सासऱ्यांनी मान वर न करता अंगठ्याने घुंडी गरागरा फिरवली.

“छे गं! अजून दात चुकवतेय!” ते ओरडले. मग पाना जावयाच्या हातात दिला आणि आवाज खाली आणून, पण नेहमीच्याच तोऱ्यात म्हणाले, “जावईबापू, यापुढे बिघडवायचं काम एकानंच करायचं.”