मापाची अमानत

“बाईचं माप म्हणजे अमानत! जीव जाईल, पण माप बाहेर जाणार नाही,” हे मेहकरच्या लेडीज टेलर रहेमतुल्लाभाईंचं ब्रीद होतं. त्यापायी त्यांनी मापांची जुनी वही चुलीत घातली आणि सगळ्या गिऱ्हाइकांची मापं मोबाइल नंबरासकट ‘कुलूप’ नावाच्या ॲपमध्ये ठेवली.

गेल्या महिन्यात ते ॲप कपडे विकणाऱ्या एका बड्या कंपनीनं विकत घेतलं. ‘मालक बदलला, भरोसा तोच. मंजूर?’ असा मेसेज आला. मंजूर म्हटल्याशिवाय मापं उघडेनात, म्हणून भाईंनी मुकाट्यानं बोट दाबलं.

आठवड्यानं, ब्लाऊजचं कापड शिवायला टाकून गेलेल्या रुख्मिणीताई दुकानात आल्या. “भाई, ‘तुमच्या मापाचा ब्लाऊज तयार आहे’ असा एका कपडेवाल्या कंपनीचाच मेसेज आला मले. मागवला, तं सूतभरही फरक नाही बाप्पा!”

ताईंनी रिकामी पिशवी पुढं केली.



“तुमी फक्त माहं कापड तेवढं वापस द्या.”